भुकेल्या देहाची धावपळ

भूक ही प्राणिमात्रांची आद्य प्रेरणा होय. पोट रिकामे राहिले की जीव कासावीस होतो, हातपाय गळतात आणि अन्नावाचून दुसरे काही सुचत नाही, हा सार्वत्रिक अनुभव आहे. या अनुभवाला छेद देणारा एक विकार वैद्यकशास्त्राला दीडशे वर्षांहून अधिक काळ कोड्यात टाकीत आला आहे. ॲनोरेक्सिया नर्वोसा हे त्याचे नाव. यातील रुग्ण, बहुधा ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावरील मुलगी, अन्न नाकारते, वाळून अस्थिपंजर होते आणि तरीही स्वस्थ बसत नाही. चालणे, जिने चढणे, व्यायाम, घरकाम यांपैकी काही ना काही अखंड चालूच असते. घरची माणसे म्हणतात, "एवढी दिवसभर कामात असते, हिला कसला आजार!" नेमके येथेच निदान चुकते.

ही चंचलता पहिल्यापासून वैद्यांच्या नजरेत भरलेली होती. लंडनचे सर विल्यम गल यांनी १८७३ साली या विकाराला आजचे नाव दिले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये शार्ल लासेग यांनीही त्याचे स्वतंत्र वर्णन केले. गल यांची एक रुग्ण सतरा वर्षांची होती. वजन अवघे ३७ किलो, नाडी मंदावलेली. मात्र मुलगी सतत हालचालीत. इतक्या झिजलेल्या देहाला हे श्रम झेपतात तरी कसे, याचे गल यांना आश्चर्य वाटले होते.

विकाराचे नाव मात्र दिशाभूल करणारे आहे. ग्रीक भाषेत 'ओरेक्सिस' म्हणजे इच्छा, क्षुधा. तेव्हा 'ॲनोरेक्सिया' म्हणजे भूक नसणे. आपल्या आयुर्वेदातील 'अरोचक' या व्याधीत अन्नाची रुची खरोखरच जाते. येथे तसे नसते. यातील अनेक रुग्ण पाककृती जमवतात, इतरांना आग्रहाने करून वाढतात आणि मनात सतत अन्नाचाच विचार करतात. भूक असते, ती मानली जात नाही.

संप्रेरकांची साक्ष

रक्ताची साक्षही हेच सांगते. १९९९ साली जपानमधील कोजिमा व कंगावा यांनी जठरातून स्रवणारे 'ग्रेलिन' हे संप्रेरक शोधून काढले. जेवणापूर्वी ते वाढते, जेवणानंतर उतरते आणि मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागाला भुकेचा सांगावा धाडते. ॲनोरेक्सियाच्या रुग्णांत हे ग्रेलिन कमी नसून वाढलेले आढळते आणि वजन सुधारू लागले की खाली येते. म्हणजे जठर आपले काम चोख बजावीत असते. त्याची हाक मेंदूपर्यंत पुरेशी पोचत नाही, की पोचूनही दाबली जाते, यावर तज्ज्ञांचे अद्याप एकमत नाही.

दुसरे संप्रेरक 'लेप्टिन'. जेफ्री फ्रीडमन यांच्या न्यूयॉर्कमधील प्रयोगशाळेने १९९४ साली त्याचा शोध लावला. हे मेदपेशींतून स्रवते आणि शरीराच्या चरबीच्या साठ्याची वार्ता मेंदूला कळवते. चरबी आटली की लेप्टिन आटते आणि मेंदू दुष्काळाची व्यवस्था लावतो: मासिक पाळी थांबते, थायरॉइडचे कार्य मंदावते, अंग थंड पडते, कॉर्टिसॉल वाढते. आजारी मुलीत लेप्टिनची पातळी फारच खालावलेली असते.

चाकावरचे उंदीर

भूक आणि धावपळ यांचा संबंध उलगडला तो प्रयोगशाळेतील उंदरांमुळे. १९६७ साली रौटनबर्ग व कुझनेसॉफ यांनी उंदरांना दिवसातून एकच तास अन्न दिले. नुसते पिंजऱ्यात राहणारे उंदीर या वेळापत्रकाला सरावले. ज्यांना फिरते चाक मोकळे ठेवले होते ते मात्र दिवसेंदिवस अधिक धावू लागले आणि मिळालेल्या तासातही कमी खाऊ लागले. न थांबवल्यास ते मरणापर्यंत धावत. त्या उंदरांना ना सडपातळ दिसण्याची हौस होती, ना आरशाची भीती. पुढे २००० साली जर्मन संशोधकांनी अशा उपाशी उंदरांना बाहेरून लेप्टिन दिले, तेव्हा ही धावपळ ओसरली. उपासमारीत हालचाल वाढणे ही अन्नाच्या शोधात निघण्याची जुनी प्राणिसुलभ प्रेरणा असावी, असा तर्क त्यावरून केला जातो.

यात एक दुष्टचक्रही दडलेले आहे. निरोगी व्यक्तींत जोरकस व्यायामानंतर काही काळ ग्रेलिनचे सक्रिय रूप घटते, आतड्यातील 'पीवायवाय' हे तृप्तीचे संप्रेरक वाढते आणि भूक तात्पुरती बोथट होते. उपासाने धाव वाढावी आणि धावेने भूक मरावी, असा फेरा एकदा सुरू झाला की केवळ मनोबलावर तो तोडणे किती कठीण, हे ध्यानी यावे.

सर्वच उपाशी माणसे का धावत नाहीत?

हा प्रश्न रास्त आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिनेसोटा येथे ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. अन्नाचा ध्यास त्यांनाही लागला, थंडी वाजू लागली. पण ते सुस्त व निरुत्साही झाले. तेव्हा उपासमार एकटीच पुरेशी नाही, प्रकृतीचाही वाटा असला पाहिजे. सुमारे १७ हजार रुग्णांचा समावेश असलेल्या २०१९ सालच्या जनुकीय अभ्यासाने या तर्काला बळ दिले. विकाराशी निगडित आठ जनुकीय स्थाने त्यात सापडली. त्यांचे नाते मनोविकारांशी होतेच. शिवाय चयापचयाशी आणि शारीरिक हालचालीच्या प्रवृत्तीशीही होते.

आपल्याकडील अनुभव आणखी एक सावधगिरी शिकवतो. दिल्लीतील डॉक्टरांनी १९९५ साली पाच तरुणींची हकीकत प्रसिद्ध केली. अन्न नाकारणे, वांत्या, वजनातील मोठी घट, पाळी बंद होणे ही लक्षणे होती. परंतु अतिहालचाल नव्हती आणि आपण जाड आहोत ही भ्रांतीही नव्हती. म्हणजे धावपळ दिसली तर संशय घ्यावा, पण ती दिसली नाही म्हणून निर्धास्त राहू नये.

उपचाराची वाट

२०२० साली जर्मनी व स्वित्झर्लंडमधील वैद्यांनी तीन रुग्णांना कृत्रिम लेप्टिन दिल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. काही दिवसांतच मन हलके झाले आणि हालचालीची आतली ओढ कमी झाली. अर्थात तीन रुग्णांवरून उपचार ठरत नाही, आणि लेप्टिनने भूक आणखी मंदावण्याचा धोकाही आहे. तूर्त खरे औषध अन्न हेच.

हे औषध देण्यातही विवेक हवा. दीर्घ उपासानंतर एकाएकी भरपूर आहार दिल्यास रक्तातील फॉस्फेट झपाट्याने घसरून हृदय दगा देऊ शकते. म्हणून थायमिन आधी द्यावे, पोटॅशियम, फॉस्फेट व मॅग्नेशियम वारंवार तपासावे आणि आहार पायरीपायरीने वाढवावा. नाडी, तापमान, बसता-उठता रक्तदाब आणि ईसीजी पाहिल्यावाचून 'रक्ततपासण्या ठीक आहेत' या समाधानात राहू नये. व्यायामाने हाडे बळकट होतात हे तत्त्वही येथे लंगडे पडते. इस्ट्रोजेन आटलेल्या, अन्नवंचित देहात हाडे ठिसूळच होतात आणि अतिश्रमाने त्यांना तडे जातात. प्रकृती नाजूक असेतो विश्रांती अपरिहार्य आहे. पुढे देखरेखीखालील सौम्य व्यायामाने वजनवाढीला बाध येत नाही, असे उपलब्ध अभ्यास सुचवतात.

आपल्या घरांत उपवासाला मान आहे आणि कामसू मुलीचे कौतुक आहे. दोन्ही गोष्टी चांगल्याच. परंतु त्यांच्या आडून हा विकार बेमालूम लपू शकतो. पाळी चुकली म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञाकडे, पोट फुगते म्हणून पोटविकारतज्ज्ञाकडे आणि थकवा येतो म्हणून कुटुंबाच्या डॉक्टरांकडे अशी ती मुलगी हिंडत राहते. व्यायामाला एक दिवस खंड पडला तर काय होते, हा साधा प्रश्न तिला कुणी विचारत नाही. उत्तरातील अस्वस्थता पुष्कळ काही सांगून जाते.

गल यांच्या काळी नातेवाइकांना रुग्णापासून दूर ठेवण्याचा प्रघात होता. आज किशोरवयीन रुग्णांच्या उपचारात आईवडिलांनाच ताटापाशी बसवले जाते आणि त्या पद्धतीमागे सबळ पुरावा आहे. मात्र त्यासाठी आधी त्यांना समजावून सांगावे लागते की, हा हट्ट नव्हे, नखरा नव्हे. देह आणि मन दोन्ही यात अडकले आहेत. मानसिक विकारांत सर्वाधिक मृत्युदर असलेल्यांत या विकाराची गणना होते. 'ती तर धावतेय' या दिलाशावर विसंबून गेलेले महिने म्हणूनच परवडणारे नाहीत.