कोर्टाची पायरी – भाग ९ : सभागृहातून खंडपीठावर

कॉलेजियमवरचा, म्हणजे न्यायाधीशांची नावं सुचवणाऱ्या ज्येष्ठ न्यायाधीशांच्या मंडळावरचा, गेला भाग वाचून घिवलीच्या एका वाचकानं विचारलं : ‘भाऊ, निवडून आलेला माणूस सुप्रीम कोर्टाचा जज्ज होऊ शकतो का? आणि झालाच, अन् आमची केस त्याच्याचपुढे लागली, तर आम्ही करायचं काय?’ पहिल्या प्रश्नाचं उत्तर दोन शब्दांत देता येतं. दुसऱ्याला हा अख्खा भाग लागणार आहे.

होऊ शकतो. राज्यघटनेच्या कलम १२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशासाठी तीन वाटा दिल्या आहेत : उच्च न्यायालयात ५ वर्षं न्यायाधीशपद, उच्च न्यायालयाचा वकील म्हणून १० वर्षं, किंवा राष्ट्रपतींच्या मते नामवंत कायदेपंडित असणं. (तिसऱ्या वाटेनं आजवर एकही माणूस गेलेला नाही, हे जाता जाता.) कुठल्या पक्षात होता, कधी निवडून आला, याबद्दल घटना एक अक्षर बोलत नाही. खासदारकी आणि न्यायाधीशपद एकाच वेळी चालणार नाही, एवढंच. सकाळी राजीनामा आणि संध्याकाळी शपथ, यात कायद्याची आडकाठी नाही. खासदार-आमदारांनी वकिली करू नये अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१८ मध्ये फेटाळली. म्हणजे सभागृहात बसूनही वकिलीची वर्षं मोजली जातात. आपल्याच भागाचं बघा : चिंतामण वनगा तीनदा लोकसभेत गेले, तरी नावाआधीचं ‘ॲड.’ शेवटपर्यंत राहिलं. वकील-पुढारी ही जात आपल्याला नवी नाही.

तरीही विद्यमान खासदार उचलून थेट सर्वोच्च न्यायालयात बसवला, असं इथं अजून घडलेलं नाही. जे गेले ते उच्च न्यायालयाच्या जिन्यानं गेले. तिथं जाण्याआधी मात्र घिवलीच्या माणसाला याची एवढी फिकीर का, ते बघू.

घिवलीच्या किनाऱ्यावर बोंबील सुकत असतात, आणि तिथून मान वळवली की तारापूरचं अणुऊर्जा केंद्र. ते १९६९ पासून चालू आहे. पुढे तिसरी आणि चौथी अणुभट्टी आली तेव्हा शेजारची अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली, आणि त्यांच्या पुनर्वसनाचं भांडण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. समोर कोण? केंद्र सरकारची कंपनी. बोईसरच्या कारखान्यांचं सांडपाणी नवापूरच्या समुद्रात जातं, म्हणून मांगेला समाजाची संघटना हरित लवादात गेली. समोर कोण? एमआयडीसी, प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि कारखानदार. वाढवण बंदराचं तर विचारूच नका. त्या प्रकल्पात ७४ टक्के हिस्सा जेएनपीएचा, म्हणजे केंद्राचा, आणि २६ टक्के राज्याच्या सागरी मंडळाचा. ते प्रकरण उच्च न्यायालयातून दिल्लीपर्यंत गेलं. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण या पट्ट्यातल्या माणसाला ती चढावीच लागते, आणि चढल्यावर समोरच्या बाकावर बहुतेक वेळा सरकारच असतं.

सरकार समोर असण्याचा हा मुद्दा घटना लिहितानाच निघाला होता. १९४९ साली घटना समितीत के. टी. शहा यांच्यासारख्या सदस्यांचं म्हणणं होतं, की न्यायाधीशांना पुढे सरकारी पदं मिळण्याची वाटच बंद करावी. डॉ. आंबेडकरांनी ते मानलं नाही. त्यांचा युक्तिवाद साधारण असा : न्यायालयासमोरचे वाद बहुतांशी नागरिका-नागरिकांमधले असतात, सरकारचा त्यात क्वचितच संबंध येतो, मग सरकार न्यायाधीशाला कशाला वळवेल? भाऊबंदकीच्या आणि कुळकायद्याच्या त्या काळात हे पटण्यासारखं होतं. बाबासाहेबांचं म्हणणं खोडायची माझी प्राज्ञा नाही. पण अणुकेंद्र, एमआयडीसी आणि बंदर यांच्यामध्ये सापडलेल्या गावाला ते आज लागू करता येत नाही. आता सरकारच देशातला सगळ्यात मोठा पक्षकार आहे.

आता जे खरोखर गेले त्यांच्याकडे येऊ.

के. एस. हेगडे १९५२ ते १९५७ काँग्रेसचे राज्यसभा सदस्य होते. तिथून म्हैसूर उच्च न्यायालयात, पुढे दिल्लीला मुख्य न्यायाधीश, आणि १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात. हा गृहस्थ आपल्या जुन्या पक्षाला धार्जिणा निघाला का? उलट झालं. २४ एप्रिल १९७३ च्या केशवानंद भारती निकालात ते सरकारच्या विरोधात गेलेल्या बहुमतात होते. लगेच त्यांच्यासह तिघांची ज्येष्ठता डावलून ए. एन. रे यांना सरन्यायाधीश केलं गेलं, आणि तिघांनी राजीनामे दिले. तेव्हाचे केंद्रीय कायदामंत्री होते ह. रा. गोखले, मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश. खासदाराचा न्यायाधीश झालेला माणूस सरकारशी भिडला आणि न्यायाधीशाचा मंत्री झालेला माणूस सरकारच्या बाजूनं उभा राहिला! मूळ गावावरून माणूस ओळखायला जाल तर फसाल.

न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांचंही तसंच. १९५७ च्या केरळातल्या कम्युनिस्ट सरकारात ते मंत्री. १९७३ मध्ये त्यांना सर्वोच्च न्यायालयात घेतलं तेव्हा मुंबईच्या वकीलवर्गातूनच विरोधाचा सूर उठला होता. इंदिरा गांधींची निवडणूक रद्द करणाऱ्या निकालाला बिनशर्त स्थगिती द्यायला त्यांनी २४ जून १९७५ ला नकार दिला. त्यानंतर २५ च्या रात्री आणीबाणी आली, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग अडचण कुठाय? अडचणीचं नाव बहारुल इस्लाम.

आसामचे हे वकील १९६२ पासून काँग्रेसतर्फे राज्यसभेत. जानेवारी १९७२ मध्ये खासदारकी सोडून ते गुवाहाटीच्या उच्च न्यायालयात न्यायाधीश झाले. मार्च १९८० मध्ये तिथून निवृत्त झाले, आणि नऊ महिन्यांनी, डिसेंबर १९८० मध्ये, निवृत्त माणसाला सर्वोच्च न्यायालयात आणून बसवलं गेलं. तोवर इंदिरा गांधी पुन्हा सत्तेवर आल्या होत्या. मग बहारुल इस्लाम यांच्या खंडपीठापुढे बिहारचे काँग्रेसी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्रा यांचं प्रकरण आलं. पाटण्याच्या सहकारी बँकेतल्या गैरव्यवहाराचा खटला आधीच्या सरकारनं भरलेला, आणि मिश्रा मुख्यमंत्री झाल्यावर त्यांच्याच सरकारनं तो मागे घेतलेला. हे मागे घेणं कायदेशीर आहे का, एवढाच प्रश्न. १६ डिसेंबर १९८२ ला निकाल लागला. दोन विरुद्ध एक, खटला मागे घेणं योग्य. दोघांत एक बहारुल इस्लाम. विरोधात एकटे उभे राहिले ते आपले न्यायमूर्ती तुळजापूरकर.

महिना झाला नाही तोच, जानेवारी १९८३ मध्ये, बहारुल इस्लाम यांनी राजीनामा दिला. वयाची ६५ पूर्ण व्हायला, म्हणजे निवृत्तीला, जेमतेम दीड महिना उरला होता. कशासाठी? बारपेटातून काँग्रेसच्या तिकिटावर लोकसभा लढवायला. आसाम तेव्हा पेटलेलं होतं, तिथली निवडणूक होऊ शकली नाही, आणि त्याच वर्षी पक्षानं त्यांना पुन्हा राज्यसभेत पाठवलं. खासदार, न्यायाधीश, खासदार : वर्तुळ पुरं.

या गोष्टीतला खरा पेच मात्र सहसा कुणी सांगत नाही. हेच प्रकरण पुढे पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाकडे गेलं, आणि डिसेंबर १९८६ मध्ये तीन विरुद्ध दोन अशा बहुमतानं तिथंही निष्कर्ष तोच निघाला. म्हणजे बहारुल इस्लाम यांचा निकाल कायद्यानं बरोबर असूही शकतो. पण आज तो निकाल कुणाला आठवतो? आठवतं ते तिकीट. पुढे मिळालेल्या उमेदवारीनं मागे दिलेल्या निकालावर डाग पडला, आणि घटनापीठालाही तो धुता आला नाही. म्हणून माझं मत असं, की राजकारणातून न्यायासनावर येण्याच्या दारापेक्षा तिथून राजकारणात परतण्याचं दार जास्त घातक आहे. येणाऱ्याचा भूतकाळ आपल्याला दिसतो, त्यावर आक्षेप घेता येतो. त्याच्या मनातला भविष्यकाळ सुनावणी चालू असताना कुणालाच दिसत नाही.

गंमत बघा. कलम १२४ च्याच सातव्या पोटकलमानुसार सर्वोच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायाधीशाला देशातल्या कोणत्याही कोर्टात वकिली करता येत नाही. काळा कोट कायमचा खुंटीला. निवडणूक मात्र लढवता येते, राज्यसभेतही जाता येतं. १९९७ मध्ये न्यायाधीशांनी स्वतःसाठी जी आचारमूल्यं मान्य केली, त्यांनुसार पदावरच्या न्यायाधीशानं साध्या क्लबाची निवडणूकही लढवायची नाही. पद सोडल्यावर लोकसभेची चालते! सरन्यायाधीश राहिलेले रंजन गोगोई निवृत्तीनंतर चार महिन्यांत, मार्च २०२० मध्ये, राज्यसभेत गेले. कलकत्ता उच्च न्यायालयाचे अभिजित गंगोपाध्याय यांनी मार्च २०२४ मध्ये राजीनामा दिला, भाजपमध्ये गेले आणि तामलुकमधून खासदार झाले. पक्ष बदलत गेले, दार तेच राहिलं.

आता घरचं उदाहरण. जुलै २०२५ च्या अखेरीस कॉलेजियमनं मुंबई उच्च न्यायालयासाठी आरती साठे यांच्या नावाची शिफारस केली. वकिलीचा दीर्घ अनुभव, करकायद्यात काम. पण फेब्रुवारी २०२३ मध्ये त्या महाराष्ट्र भाजपच्या प्रवक्त्या झाल्या होत्या. आमदार रोहित पवार यांनी प्रवक्त्यांची ती यादीच लोकांपुढे ठेवली आणि आक्षेप घेतला. भाजपकडून उत्तर आलं, की जानेवारी २०२४ मध्येच त्यांनी राजीनामा दिलाय, दीड वर्ष उलटलं. ऑगस्टमध्ये नेमणुकीची अधिसूचनाही निघाली. हे उच्च न्यायालयाचं प्रकरण आहे, सर्वोच्च नव्हे. पण जिना तोच, म्हणून महत्त्वाचं. आणि याच न्यायालयाला जुना दाखलाही आहे : गोव्याचे फर्दिनो रिबेलो १९७७ मध्ये जनता पक्षाचे आमदार होते, १९९६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश झाले, पुढे अलाहाबादला मुख्य न्यायाधीश. मधे १९ वर्षं गेली होती. दीड वर्ष आणि १९ वर्षं यांत फरक आहे की नाही? कायद्यानं नाही, कारण किती काळ थांबायचं हे कुठंच लिहिलेलं नाही. माझ्या मते आहे, आणि मोठा आहे. साठे यांच्या लायकीवर मी बोट ठेवत नाही. कालपर्यंत टीव्हीवर पक्षाची बाजू मांडणाऱ्या कुणाहीबद्दल, कुठल्याही पक्षाच्या, मी हेच म्हणेन.

त्या कॉलेजियमचे प्रमुख होते तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई, अमरावतीचे. वडील रा. सू. गवई रिपब्लिकन पक्षाचे नेते, विधान परिषदेचे सभापती, खासदार, राज्यपाल. फेब्रुवारी २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयासाठी व्हिक्टोरिया गौरी यांची नेमणूक झाली. त्याही भाजपशी संबंधित. या नेमणुकीला आव्हान देणारी याचिका ज्या दोघांपुढे आली त्यांत गवई होते. आपल्यालाही राजकीय पार्श्वभूमी आहे, पण २० वर्षांच्या न्यायदानात ती कधी आड आली नाही, असं ते तेव्हा म्हणाले. याचिका फेटाळली गेली. पात्रता तपासता येते, योग्यता ठरवणं कॉलेजियमचं काम, हा त्यामागचा कायदा.

मला गवई यांची दुसरी कृती अधिक मोलाची वाटते. जुलै २०२३ मध्ये राहुल गांधींच्या बदनामी खटल्याची सुनावणी सुरू होताच त्यांनी दोन्ही बाजूंना सांगून टाकलं : माझ्या वडिलांचा काँग्रेसशी संबंध होता, भाऊ अजून राजकारणात आहे, तुमची हरकत असेल तर आत्ताच सांगा. कुणाची हरकत निघाली नाही, सुनावणी पुढे चालली. आधी पानं उघडी टाकायची, मग निवाडा. पण हे त्यांनी स्वतःहून केलं. न सांगणाऱ्याला सांगायला लावेल, असा लेखी नियम नाही.

अमेरिकेचा दाखला हटकून दिला जातो, म्हणून दोन शब्द. तिथं १९३७ मध्ये विद्यमान सिनेटर ह्यूगो ब्लॅक आणि १९५३ मध्ये कॅलिफोर्नियाचे विद्यमान गव्हर्नर अर्ल वॉरन सर्वोच्च न्यायालयात गेले. नऊच्या नऊ न्यायाधीशांना एका मतावर आणून शाळांमधला वर्णभेद १९५४ मध्ये बेकायदा ठरवायला वॉरन यांचं राजकारणी कसब कामी आलं, असं म्हणतात. ब्राझीलमध्ये न्यायमंत्री राहिलेले फ्लावियो दिनो २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेले. पण अमेरिकेत प्रत्येक प्रकरण नऊही जण ऐकतात, एकाचा कल नवव्या हिश्श्याचा. आपल्याकडे मंजूर संख्या ३४ आणि रोजचं काम दोघा-तिघांच्या खंडपीठात. इथं दोघांच्या खंडपीठात एकाचा कल म्हणजे निम्मा निकाल. नवापूरच्या पाइपलाइनचा अर्ज कोणत्या दोघांपुढे लागावा, हे सरन्यायाधीशांच्या हातातल्या रोस्टरवर ठरतं.

आता वाचकाचा दुसरा प्रश्न : आपली केस अशा न्यायाधीशापुढे लागली तर? गप्प बसायचं कारण नाही, आणि आरडाओरड करायचंही नाही. न्यायाधीशांचा जुना पक्ष किंवा जुनी वकिली तुमच्या प्रकरणाला थेट चिकटत असेल, म्हणजे त्यांनी त्याच बंदराची बाजू सभागृहात मांडली असेल किंवा त्याच कंपनीचं वकीलपत्र घेतलं असेल, तर वकिलानं सुनावणीच्या सुरुवातीलाच ते नम्रपणे सांगायचं आणि बाजूला होण्याची विनंती करायची. निकाल विरोधात जाईल असं दिसल्यावर केलेली विनंती कुणी ऐकत नाही. नुसता ‘ते अमक्या पक्षाचे होते’ एवढा आक्षेप टिकत नाही. संबंध नेमका दाखवावा लागतो, कागदानिशी. बाजूला व्हायचं की नाही हे तेच न्यायाधीश ठरवतात. झाले, तर फाइल सरन्यायाधीशांकडे जाते आणि दुसरं खंडपीठ मिळतं. नाही झाले, तर सुनावणी तिथंच चालते, आणि पुढे उरतो फेरविचाराचा अर्ज.

तो अर्ज किती दिवसांत करायचा आणि बंद दालनात त्याचं काय होतं, ते पुढच्या भागात.