पी.टी.च्या सरांचा एप्रिल

ल्युब्लियाना : एप्रिल लागला की स्लोव्हेनियातल्या शाळांच्या व्यायामशाळांत मुलं उलटी रांगू लागतात. हात-पाय जमिनीला, तोंड एकीकडे आणि जाणं दुसरीकडे. वाटेत एक ठोकळा चढून पार करायचा, दुसऱ्या ठोकळ्याच्या पोटातून सरपटत बाहेर पडायचं, आणि १० मीटरच्या या वाटेला किती सेकंद लागले ते सर घड्याळ बघून लिहून घेतात. पोरं खिदळत असतात, पण ही चाचणी आहे. तिच्याबरोबर आणखी सात असतात : उभ्यानं लांब उडी, पाठीवर झोपून मिनिटभरात किती वेळा उठून बसता येतं ते, बाकावर उभं राहून खाली वाकणं, कोपर वाकवून दांड्याला लोंबकळणं, दोन चकत्यांवर हातानं भराभर टकटक करणं, ६० मीटर धावणं आणि ६०० मीटर धावणं. शिवाय उंची, वजन आणि दंडामागच्या चरबीची जाडी.

हे प्रत्येक शाळेत होतं आणि दर वर्षी होतं. १९८७ पासून देशभर चालू आहे. म्हणजे आज जी मुलं उलटी रांगताहेत, त्यांतल्या बऱ्याच जणांचे आईबापही एकेकाळी असेच रांगले आहेत. आता या उपक्रमाला ‘स्लोफिट’ म्हणतात. पालकांची लेखी संमती लागते, आणि ती बहुतेक सगळे देतात. दर वर्षी सहा ते एकोणीस वर्षांच्या दोन लाखांहून अधिक मुलांची मोजमापं ल्युब्लियाना विद्यापीठाच्या क्रीडा विद्याशाखेकडे जातात. देशाची लोकसंख्याच २१ लाखांच्या घरात आणि आकार आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याहून जरासा मोठा. तेव्हा जवळजवळ अख्खी पिढी मोजली जाते असं म्हणायला हरकत नाही. विद्याशाखा प्रत्येक मुलाचा निकाल शाळेला परत पाठवते. तुमचा मुलगा त्याच्या वयाच्या शंभर मुलांत कुठं उभा आहे, आणि गेल्या वर्षी कुठं होता, ते त्यात दिसतं. पहिला-दुसरा नंबर कुणाचाच काढत नाहीत.

ही सगळी उठाठेव करतात पी.टी.चे सर आणि मॅडम. इथल्या शिक्षणव्यवस्थेबद्दल एकच गोष्ट सांगायची झाली, तर मी यांच्याबद्दल सांगेन. गणिताच्या सरांचं काम परीक्षेत दिसतं, भाषेच्या बाईंचं निबंधात दिसतं. शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाचं काम दिसत नाही, म्हणून त्याची किंमतही होत नाही, ही जगभरची रड आहे. या छोट्या देशानं ते काम दिसेल अशी सोय चाळीसेक वर्षांपूर्वीच करून ठेवली.

पी.टी.चा शिक्षक होणं सोपं नाही. विद्याशाखेत प्रवेशालाच शारीरिक क्षमतेची परीक्षा असते. नुसतं एका खेळात तरबेज असून भागत नाही. मग पाच वर्षांचं शिक्षण. त्यात शरीररचना, बालमानसशास्त्र, पोहणं, जिम्नॅस्टिक्स, ॲथलेटिक्स, बर्फावरचं स्कीइंग, आणि हे सगळं जमत नसलेल्या मुलाला कसं शिकवायचं ते. नोकरी लागल्यावर पगारश्रेणी इतर विषयांच्या शिक्षकांचीच. शाळा नऊ इयत्तांची. पहिली ते सहावी आठवड्याला तीन तास शारीरिक शिक्षण, सातवीपासून दोन. शिवाय वर्षात पाच क्रीडादिन. त्या दिवशी दप्तर घरी ठेवायचं आणि डोंगर चढायचा, पोहायचं, स्केटिंग करायचं किंवा धावायचं. पहिल्या तीन इयत्तांत कधीतरी वीस तासांचा पोहण्याचा वर्ग सक्तीचा आहे. वरच्या वर्गांतली मुलं आठवडाभर डोंगरात किंवा समुद्रकाठी राहायला जातात. तिथं हिवाळ्यात स्कीवर पहिल्यांदा उभं करणारेही हेच सर असतात.

या विषयाला गुण आहेत, आणि ते प्रगतिपुस्तकात इतर विषयांच्या शेजारीच छापले जातात. गुण असावेत की नुसतं वर्णन असावं, यावर इथं अधूनमधून वाद होतो. मला स्वतःला वर्णन जास्त बरं वाटतं. पण वाद करण्याइतका हा विषय इथं जिवंत आहे, एवढं तरी त्यावरून कळतं.

शारीरिक शिक्षणाबद्दलच्या या आस्थेची मुळं जुनी आहेत. १८६३ साली ल्युब्लियानात ‘युझ्नी सोकोल’ ही व्यायामसंस्था निघाली. आदल्याच वर्षी प्राग शहरात मिरोस्लाव टिर्श यांनी सोकोल चळवळ सुरू केली होती. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात राहणाऱ्या स्लाव लोकांनी शरीर कमवावं, शिस्त अंगी बाणवावी आणि त्या वाटेनं स्वत्व जागं ठेवावं, हा तिचा हेतू. आपल्याकडे स्वातंत्र्यलढ्याच्या काळात तालमी आणि व्यायामशाळा ज्या भावनेनं उभ्या राहिल्या, त्याच जातीची ही गोष्ट. या परंपरेतून नोव्हो मेस्तो गावचा लेऑन श्टुकेल घडला. व्यवसायानं न्यायाधीश. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्यानं जिम्नॅस्टिक्सची दोन सुवर्णपदकं मिळवली, १९२८ मध्ये ॲमस्टरडॅमला आणखी एक, आणि १९३६ मध्ये बर्लिनला रिंग्जवर रौप्य. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या उद्घाटनाला हा माणूस सत्त्याण्णवाव्या वर्षी हजर होता. वयाची एकशे एक वर्षं पुरी व्हायला चार दिवस असताना तो गेला. बर्लिनला त्याच १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथकही गेलं होतं, भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवायला. श्टुकेलनं ती पाहिली की नाही कोण जाणे. मलखांबावरचा गडी बघून त्याला आपल्या जातीचा माणूस भेटल्यासारखं वाटलं असतं, एवढं मात्र खरं.

स्लोव्हेनियाचं नाव काढलं की लोक लगेच पदकांवर येतात. बास्केटबॉलपटू लुका डोन्चिच ल्युब्लियानाचा. सायकलपटू तादेय पोगाचारनं टूर द फ्रान्स पुन्हा पुन्हा जिंकली. टोकियो ऑलिंपिकमध्ये या २१ लाखांच्या देशानं तीन सुवर्णपदकं नेली. आपल्या वाट्याला नीरज चोप्राच्या भाल्याचं एक आलं. हे सगळं खरं आहे, पण पी.टी.च्या सरांची किंमत पदकांत मोजायला लागलो की आपण चुकीच्या दारात शिरतो. चॅम्पियन क्लबात घडतात, प्रशिक्षकाच्या हाताखाली. शाळेतल्या सरांचं गिऱ्हाईक वेगळं : जाडसर, लाजरी, चष्मा पडेल म्हणून चेंडूपासून लांब उभी राहणारी मुलं, आणि दांड्याला दोन सेकंदही न टिकणारी मुलगी. ती पुढच्या एप्रिलमध्ये बारा सेकंद लोंबकळली तर ती बातमी पेपरात येत नाही. सरांच्या तक्त्यात मात्र येते.

या तक्त्यांनी एक नको असलेली गोष्टही वेळेवर सांगितली. १९९० नंतरच्या दोन दशकांत, देश स्वतंत्र झाला, पैसा आला, गाड्या आल्या, टीव्ही-संगणकाचे पडदे आले, आणि मुलांचं वजन वाढत गेलं, दम कमी होत गेला. इतर देशांत याबद्दल अंदाज बांधले जात होते. इथं वर्षागणिक आकडे होते. मग २०१० च्या सुमारास युरोपीय संघाच्या पैशातून ‘निरोगी जीवनशैली’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. कल्पना अगदी साधी होती. ज्या शाळांना हवं असेल त्यांना ज्यादा तास द्यायचे, म्हणजे मुलाला रोज एक तास व्यायाम मिळेल. आणि ते तास घ्यायला नव्यानं शिकून बाहेर पडलेल्या, नोकरी शोधत असलेल्या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांना नेमायचं. सल्लागार, जाहिराती, पोस्टर यांवर उधळण्याऐवजी पैसा माणसांच्या पगारावर गेला. भाग घेतलेल्या शाळांत स्थूलपणा इतरांपेक्षा जास्त उतरला. देशाचा आलेखही त्याच सुमारास वळला. सगळं श्रेय एका कार्यक्रमाला देणं बरोबर नाही, पण स्थूलतेचा आलेख खाली वळवलेले देश जगात फार नाहीत.

२०१८ मध्ये पैसा संपला आणि कार्यक्रमही संपला. इथंही सरकारं सरकारंच असतात.

दोन वर्षांनी करोना आला. १६ मार्च २०२० ला शाळा बंद झाल्या. वसंतात उघडल्या, हिवाळ्यात पुन्हा कित्येक महिने बंद. ऑनलाइन गणित शिकवता आलं, इतिहास शिकवता आला. पी.टी.च्या सरांनी व्हिडिओ पाठवले, घरातल्या खुर्चीवरून करायचे व्यायाम सांगितले, पावलं मोजायला लावली. शाळा उघडल्यावर मोजणी झाली, तेव्हा नोंदी ठेवायला लागल्यापासूनची सर्वांत मोठी घसरण समोर आली. घरात आई-बाप होते, अंगण होतं, पुष्कळांच्या दारात जंगल होतं. नव्हते ते फक्त सर आणि तास. व्यायाम काय, मुलं आपोआप करतातच, असं म्हणणाऱ्याला याहून सणसणीत उत्तर मला माहीत नाही.

या व्यवस्थेत सगळं आलबेल आहे असं समजू नका. पहिली ते पाचवीचे तास बहुतेक ठिकाणी वर्गशिक्षकच घेतात. शाळेला परवडलं, नगरपालिकेनं हात दिला, तर जोडीला पी.टी.चा शिक्षक उभा राहतो. विद्याशाखेच्या संशोधकांनी अशा दोन्ही तऱ्हांच्या वर्गांतल्या मुलांचा चार-चार वर्षं पाठपुरावा केला आहे. तज्ज्ञ शिक्षकाच्या हाताखालची मुलं अधिक सक्षम निघतात, हे त्यांनीच दाखवून दिलंय. तरीही नियम बदललेला नाही. दुसरं, वय वाढतं तसे तास तीनाचे दोन होतात, नेमके त्या वयात जेव्हा मुली खेळ सोडतात आणि मुलगे पडद्याला चिकटतात. तिसरं, चरबी मोजण्याचा तो चिमटा. आकडा कितीही गुप्त ठेवला तरी रांगेत उभ्या असलेल्या तेरा वर्षांच्या जाड मुलीला त्या सकाळी काय वाटत असेल, ते कुठल्याच तक्त्यात येत नाही. सगळं सरांच्या वागण्यावर अवलंबून असतं. चांगले सर तिला आधी आत बोलावतात, दार लावून घेतात. सगळेच तसे नसतात.

एक गोष्ट मात्र मनापासून हेवा वाटावा अशी. शाळेची व्यायामशाळा संध्याकाळी बंद होत नाही. दुपारनंतर तिथं क्लबांची पोरं येतात, त्यानंतर मोठी माणसं व्हॉलीबॉल खेळायला येतात. ज्यांना लहानपणी चेंडू पकडायला नीट शिकवलं गेलं, ती पन्नाशीतही चेंडू पकडतात. रविवारी डोंगरवाटेवर आजोबा-आजी नातवंडांच्या पुढं चालताना दिसतात. २८६४ मीटर उंचीच्या त्रिग्लाव शिखरावर आयुष्यात एकदा तरी जायला हवं, असं प्रत्येक स्लोव्हेनियन माणूस मानतो, आणि बरेचसे जातातही.

आता आपल्याकडचं. मराठी शाळेत शिकलेल्यांना पी.टी.चे सर कसे वापरले जातात ते सांगायला नको. गणिताचे सर रजेवर, पाठवा पी.टी.च्या सरांना. पंधरा ऑगस्टची कवायत, स्नेहसंमेलनाचा मांडव, प्रार्थनेच्या रांगा, निवडणुकीची कामं, सगळं त्यांच्या गळ्यात. आणि दहावीचा वर्ग आला की त्यांचा तास बीजगणिताला बहाल. पण दोष एकट्या मुख्याध्यापकांचा नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक सांगितलाय तो अंशकालीन निदेशक म्हणून, आणि तोही शंभराहून जास्त मुलं असतील तरच. त्याच परिशिष्टानं प्रत्येक शाळेला मैदान मात्र हवं म्हटलंय. म्हणजे मैदान पूर्ण वेळ आणि शिकवणारा अर्धा वेळ.

स्लोव्हेनियाएवढा पैसा आपल्याकडे नाही, हे कारण इथं चालत नाही. घड्याळ, मोजपट्टी, एक दांडा आणि वही, एवढ्यात एप्रिलची बहुतेक मोजणी होते. लागतो तो ती दर वर्षी इमानानं करणारा, शिकलेला, पूर्ण वेळचा माणूस. येत्या जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्या पालकसभेत गणिताच्या शिकवणीबद्दल विचाराल, तेव्हा तीन प्रश्न आणखी विचारा : माझ्या मुलाला आठवड्यात पी.टी.चे तास किती, ते कोण घेतं, आणि गेल्या वर्षीपेक्षा यंदा त्याला काय जास्त जमतं? तिसऱ्याचं उत्तर शाळेकडे नसेल, तर ती मोजणी सुरू करा असा अर्ज तिथंच लिहून द्या.