पीक बदललं, खसरा तोच

जबलपूर जिल्ह्यातल्या पाटन तहसिलीत दर हंगामात गिरदावरी, म्हणजे शेतातल्या पिकांची पाहणी, होते. धानाच्या जागी गहू किंवा मटार अशी पिकाची नोंद बदलते, शेताचा खसरा क्रमांक मात्र बदलत नाही. समजा, ही नोंदवही पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमध्ये आहे. तिथे जुनी नोंद खोडली जात नाही. अख्ख्या ओळीची नवी प्रत लिहिली जाते आणि जुनी मृत होऊन पडून राहते, म्हणून बदल चालू असतानाही वाचणाऱ्याला थांबावं लागत नाही. पण तक्ता फुगतो.

इंडेक्सची गत आणखी वाईट होती. बदललं फक्त पीक, तरी नव्या प्रतीसाठी खसऱ्याच्या इंडेक्समध्येही नवी नोंद करावी लागे. हा व्यर्थ खर्च थांबवणारं 'हॉट' तंत्र 2007 मध्ये साकारलं ते प्रामुख्याने पुण्याचे पवन देवलसी यांनी. फेब्रुवारी 2008 च्या 8.3 आवृत्तीत ते आलं. इंडेक्स असलेला रकाना बदलला नसेल आणि त्याच 8 किलोबाइटच्या पानावर जागा असेल, तर नवी प्रत जुनीला जोडली जाते. इंडेक्सला हात लागत नाही. शिवाय पुढे ते पान वाचताना मृत प्रतींची जागा तिथल्या तिथे मोकळी होते.

अडचण अशी की मुळात पानं काठोकाठ भरली जातात. पान किती टक्के भरायचं ते ठरवणारा फिलफॅक्टर 100 वरून 80-85 वर आणला, की नव्याने लिहिल्या जाणाऱ्या पानांवर जागा राखली जाते. गिरदावरी कित्येक आठवडे शेतागणिक चालते, म्हणून एवढी जागा पुन्हापुन्हा उपयोगी पडते. सगळ्या ओळी एका आदेशात बदलल्या तर मात्र ती पुरत नाही. माझ्या मते फुगवट्यावरचा पहिला इलाज फिलफॅक्टर कमी करणं हाच, सफाई त्यानंतर.

फुगवटा ओळखायला पीजी_स्टॅट_यूजर_टेबल्समध्ये मृत ओळींचा अंदाज मिळतो, नेमका आकडा पीजीस्टॅटटपल देतं. मृत ओळींची आपोआप सफाई करणारा ऑटोव्हॅक्यूम मूळ मांडणीत साधारण 20 टक्के ओळी मृत झाल्यावरच जागा होतो. कोटभर ओळींच्या तक्त्यात म्हणजे 20 लाख! मोठ्या तक्त्यांसाठी हे प्रमाण 1-2 टक्क्यांवर आणावं. तासन्तास चालणारी अहवालाची क्वेरी मात्र व्हॅक्यूमचे हात बांधून ठेवते, तीही शोधावी.

फुगलेला इंडेक्स 2019 च्या 12 व्या आवृत्तीपासून काम न थांबवता नव्याने बांधता येतो. 'व्हॅक्यूम फुल' तक्ता आटोपशीर करतो, पण तोवर वाचणंही बंद पडतं. याच नोंदी तपासून होणारी गहू खरेदीची नोंदणी चालू असताना तो चालवूच नये.