इंग्रजीतील रूढ वाक्प्रचार आणि त्यांतील बदल

वाक्प्रचार अखंड असतो, त्यातील शब्दांना हात लावता येत नाही, असे सर्वसाधारणपणे शिकविले जाते. इंग्रजीच्या बाबतीत हे विधान तपासून घ्यावयास हवे. मराठी अनुवादकासाठी तर हा प्रश्न निकडीचा आहे. मूळ लेखकाने वाक्प्रचारात केलेला बदल ही भाषेची सहज मुभा आहे की हेतुपुरस्सर केलेला शब्दखेळ, हे न ओळखल्यास अनुवादातून विनोद निसटतो किंवा नसलेला विनोद त्यात शिरतो.

‘किक द बकेट’ म्हणजे मरणे आणि ‘स्पिल द बीन्स’ म्हणजे गुपित फोडणे. दोहोंची रचना एकच: क्रियापद व कर्म. तथापि ‘द बीन्स वेअर स्पिल्ड’ हा कर्मणी प्रयोग इंग्रजी मातृभाषकाला खटकत नाही; ‘द बकेट वॉज किक्ड’ म्हणताच मात्र मृत्यूचा अर्थ लोपतो आणि केवळ बादली उरते. ब्रूस फ्रेझर यांनी १९७० मध्ये अशा गोठलेपणाची उतरंड मांडली. नुनबर्ग, सॅग व वॅसो यांनी १९९४ मध्ये या भेदाचे कारण अर्थाच्या वाटणीत शोधले. ‘बीन्स’कडे गुपिताचा व ‘स्पिल’कडे फोडण्याचा अर्थ जातो, ‘बकेट’च्या वाट्याला मृत्यूचा कोणताच अंश येत नाही. ‘लीव्ह नो स्टोन अनटर्न्ड’मध्ये ‘स्टोन’ला उपायाचा अर्थ असल्यामुळेच त्याआधी ‘लीगल’ हे विशेषण सहज बसते. मराठीतही ‘डोळ्यांत धूळ फेकली गेली’ हे चालते. ‘त्याच्याकडून राम म्हटला गेला’ यात मरण उरत नाही.

परंतु ‘किक्ड द प्रोव्हर्बियल बकेट’ हा प्रयोग इंग्रजीत रुळलेला आहे. येथील विशेषण बादलीचे नसून वाक्प्रचाराच्या रूढपणावरचे भाष्य आहे. मम्मटाने लक्षणेचे रूढी व प्रयोजन असे दोन आधार सांगितले. त्या परिभाषेत म्हणावयाचे, तर रूढीने स्थिरावलेल्या उक्तीला येथे नवे प्रयोजन लाभते. ते श्रोत्याला जाणवले की बदल स्वाभाविक वाटतो, न जाणवल्यास ती चूक ठरते.

म्हणून अनुवादकाने प्रथम बदललेल्या शब्दाला स्वतंत्र अर्थांश आहे का, हे पाहावे. असल्यास सरळ अर्थ पुरेसा होतो. नसल्यास प्रयोजन शोधावे आणि तेच साधणारी मोडतोड एखाद्या मराठी वाक्प्रचारात करावी.