बांध आणि वाट

सह्याद्रीच्या कड्याखाली रान विकत घेणारा बहुधा आधी सातबारा पाहतो. गाव नमुना सात हक्क सांगतो, बारा पिके सांगतो. जमिनीवर पोहोचायचे कसे, हे उताऱ्यावरून सहसा कळत नाही. याचे मूळ जुने आहे. 1835 नंतर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरापासून बसवलेली पाहणी सारा ठरवण्यासाठी होती. साखळी फिरली ती क्षेत्र मोजायला.

म्हणून सोबत गाव नकाशा पाहावा. त्यात पाऊलवाट एकेरी तुटक रेषेने, गाडीवाट दुहेरी रेषेने दाखवतात. वहिवाटीची वाट कुणी अडवली, तर 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम 5 खाली सहा महिन्यांच्या आत दाद मागता येते. वाटच नसेल, तर 1966 च्या जमीन महसूल संहितेचे कलम 143 उरते. त्याखाली तहसीलदार वाट देतो ती बांधावरून, आणि शेती कसणाऱ्याची गरज पाहून. फार्महाऊसच्या हौसेसाठी ही तरतूद नाही.

खरी मेख इथे आहे. वाट बांधावरून, पण बांध कुठे? डोंगरउतारावर खुणेचे दगड ओढ्याने, दरडीने गेलेले असतात. तेव्हा खरेदीखताआधीच विकणाऱ्याकडून भूमी अभिलेखाची मोजणी मागवावी. मोजणीची नोटीस शेजारच्या खातेदारांनाही जाते. ते बांधावर उभे असतानाच वाटेचे बोलून घ्यावे आणि त्यांची संमती नोंदणीकृत करावी. पुढे आयुष्यभर त्यांच्याच बांधावरून ये-जा करायची असते.