कोरोनात शरीराची राखण का चुकली?



बेणे, लागण आणि खताच्या मात्रा बाजूला ठेवून या वेळी आम्ही वेगळाच विषय घेतला आहे. गटात फिरताना अजून एक प्रश्न कानावर येतो, "साहेब, कधी डोकं न दुखलेली माणसं कोरोनात कशी गेली?"

सोलापूर शहरात पहिला रुग्ण १२ एप्रिल २०२० रोजी उघडकीस आला, तेव्हा तो गृहस्थ आधीच वारलेला होता.

उसाला आग लागली की काय होतं, हे आपण जाणतो. पहिल्या धुराला राखणदाराने हाक दिली तर दोन-चार सऱ्यांवर भागतं. हाक उशिरा गेली तर सारं गाव धावतं, टँकर आत घुसतो, आग विझते; पण शेजारचा चांगला फडही तुडवून जातो.

शरीरात तसंच झालं. विषाणू पेशीत शिरला की ती पेशी इंटरफेरॉन नावाची प्रथिने सोडून शेजारच्या पेशींना सावध करते. ही झाली हाक. कोरोनाचा विषाणू नेमकी हीच हाक दाबतो. काहींच्या बाबतीत तर घरचेच फितूर! २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात अत्यवस्थ रुग्णांपैकी सुमारे १० टक्के लोकांच्या रक्तात स्वतःचेच इंटरफेरॉन निकामी करणारी प्रतिपिंडे आढळली. त्यांत बहुतेक पुरुष होते.

मग आठव्या-दहाव्या दिवशी, विषाणू ओसरत असताना, शरीर सगळी फौज एकदम सोडतं. फुप्फुसाच्या हवेच्या पिशव्यांत पाणी भरतं, बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात. विषाणूला नेमका ओळखणाऱ्या लिंफोसाइट पेशी मात्र घटलेल्या असतात. गर्दी मोठी, कामाची माणसं थोडी.

२०२१ मध्ये चोराखळीच्या धाराशिव साखर कारखान्याने ऑक्सिजन तयार केला, याचा आम्हा साखरवाल्यांना अभिमान आहे. पण ऑक्सिजन दम धरून ठेवतो, तुडवण थांबवत नाही. ती आवरायला डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त स्टेरॉइड कामी आलं. इंग्लंडमधील रिकव्हरी चाचणीत जून २०२० मध्ये दिसलं की, व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरील रुग्णांचे एक पंचमांशाने घटले. ज्यांना ऑक्सिजन लागलाच नव्हता, त्यांना फायदा दिसला नाही.

आणि इथंच आपल्याकडे घोळ झाला. आमच्या गटातील एका सभासदाने ताप आल्याच्या दुसऱ्याच दिवशी शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरची हीच गोळी सुरू केली. राखणदार हाक देणार, तोच आपण त्याचं तोंड दाबलं. त्यात मधुमेह. साखर चढली, मागोमाग काळी बुरशी आली. जीव वाचला, डोळा गेला.

गेल्या पंधरवड्यात एक जण खोकत गट ऑफिसला आला. खिशात २०२१ सालची तीच पट्टी, दोन गोळ्या शिल्लक. "ह्यातली एक घिऊ का, साहेब?" पट्टी आम्ही काढून घेतली आणि ऊसनोंदीचं काम तसंच ठेवून त्याला आमच्या मोटारसायकलवर बसवून दवाखान्यात नेलं.