कालव्यावरचा पूल आणि कुळाचा पुरावा

नाशिकजवळच्या गंगापूर धरणाचे काम १९६५ साली पूर्ण झाले. पुढे शहर वाढले, उजव्या कालव्याकाठची शेते गेली आणि शहराच्या काही भागांत त्या कालव्याची ‘कॅनॉल रोड’ एवढीच खूण उरली. पाणी गेले तसे त्यावरील लहान पुलांचे प्रयोजनही संपले. असा पूल नाहीसा झाल्याने वाहतुकीचे काही अडत नाही. परंतु ज्याच्या आजोबांनी त्याचे दगड घडविले, त्याच्या घराण्याच्या इतिहासातील एक पान त्याबरोबर गळून पडते.

नाशिकात पूर्वजांचा शोध घेणे सोपे असावे, असे कोणासही वाटेल. रामकुंडावरील तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्यांत गाव व आडनाव सांगताच यात्रेस आलेल्या पिढ्यांची नावे सापडतात. पण त्या नोंदी यात्रेकरूंच्या. कामामागून काम शोधीत पाल उचलणाऱ्या वडार कुटुंबाला स्थिर गाव नसे, मग वहीत नाव कोठून येणार? १९१६ साली पुऱ्या झालेल्या दारणा धरणाच्या जलाशयास ‘लेक बील’ हे साहेबी नाव मिळाले; दगड वाहणारे मात्र अनामच राहिले.

हा केवळ भावनेचा प्रश्न नव्हे. महाराष्ट्रात वडार समाज विमुक्त जातींत मोडतो आणि जातीचा दाखला मागणाऱ्यास २१ नोव्हेंबर १९६१ या मानीव दिनांकापूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. शेतकऱ्याजवळ सातबारा असतो, गावकऱ्याची कोतवाल बुकात जन्ममृत्यूची नोंद असते, शिकलेल्याचे नाव शाळेच्या दप्तरी असते. ज्याच्याजवळ यांपैकी काहीच नाही, त्याच्या नातवाची शिष्यवृत्ती आणि प्रवेश एका कागदावाचून अडतो.

२०२३ साली कुणबी नोंदींसाठी शासनाने जुनी दप्तरे जिल्ह्याजिल्ह्यांत तपासून घेतली, मोडी जाणणाऱ्यांना पाचारण केले. तीच तत्परता पाटबंधारे खात्याच्या जुन्या हजेरीपटांबाबत दाखवावयास हवी. जे शिल्लक असतील ते रद्दीत न जाता पुराभिलेखागारात यावेत आणि त्यांतील नावांची सूची व्हावी. जेथे कागदच नाही, तेथे गृहचौकशीत वृद्धांच्या जबानीस योग्य ते वजन मिळावे.

सरकारी कालव्यांसाठी ज्याच्या वाडवडिलांनी दगड फोडले, त्यालाच ‘तुझे आजोबा येथे होते कशावरून?’ असे सरकारी कचेरीत विचारले जाते. त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा भार एकट्या नातवावर टाकणे न्यायाचे नाही.